सोन्याचा अर्थ : एव्हलिन डी मॉर्गनच्या चित्रांमागे चार दिवस

31 वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या मुलांना प्रतीकं समजावताना फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. कमळ म्हणजे पावित्र्य, कबूतर म्हणजे शांती, सोनं म्हणजे समृद्धी. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची, मार्क मिळायचे.

त्याच काळात कधीतरी एका जुन्या मासिकात अंगठ्याएवढं एक चित्र दिसलं होतं. खिडकीशी पाठमोरी उभी बाई, दोन्ही हात उंचावलेले, खोलीत टांगलेला पिंजरा. खाली नाव होतं, एव्हलिन डी मॉर्गन. ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडी काढताना रोज नजरेला पडायचं. निवृत्तीनंतर लेकीकडे मँचेस्टरला आले तेव्हा तिनं विचारलं, "आई, काय काय बघायचंय सांग." मी म्हटलं, "मला फक्त ही बाई बघायचीय."

लेक इंजिनिअर. नाव ऐकताच म्हणाली, "डी मॉर्गन? लॉजिक गेटवाला?"

"त्याची सून."

खरंच सून. बारावीच्या गणितात ज्याचे नियम आपली मुलं सोडवतात तो ऑगस्टस डी मॉर्गन 1806 साली मदुराईत जन्मला होता. त्याचा मुलगा विल्यम, फरशा आणि भांड्यांवर चमकदार रंगांची नक्षी काढणारा मोठा कुंभकार. त्याचं आणि एव्हलिनचं लग्न 1887 मध्ये झालं. सासऱ्यांनी मात्र सून पाहिली नाही. ते 1871 मध्येच गेले होते.

पहिला दिवस : कॅनन हॉल

मँचेस्टरहून हडर्सफील्ड, तिथून छोट्या गाडीनं बार्न्सली. पुढची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून टॅक्सी केली. कॉथॉर्न गावाजवळ, विस्तीर्ण हिरवळीच्या टेकाडावर कॅनन हॉल उभा आहे. पायथ्याशी तळी, बदकं, शेजारच्या फार्मवर निघालेली लेकुरवाळी मंडळी.

हा वाडा म्हणजे एव्हलिनचं आजोळ. तिची आई इथली, स्पेन्सर-स्टॅनहोप घराण्यातली. 1951 मध्ये घराण्यानं तो बार्न्सलीच्या नगरपालिकेला विकला आणि 1957 पासून तो संग्रहालय म्हणून खुला आहे. आता भाचीची चित्रं मामाच्या घरी टांगलेली आहेत, हे मला फार आवडलं. मामाही साधा नव्हे. जॉन रॉडम स्पेन्सर-स्टॅनहोप स्वतः चित्रकार होता, फ्लॉरेन्सला जाऊन राहिला होता. भाची त्याच्याकडे जायची, बोत्तिचेल्लीची चित्रं पाहायची. घरात तिच्या बाजूनं उभं राहील असं ते एक माणूस.

कारण आईचा विरोध होता. मला मुलगी हवी, चित्रकार नको, असं तिची आई म्हणायची. एव्हलिनचा जन्म 30 ऑगस्ट 1855 चा, लंडनमधल्या सधन वकिलाच्या घरातला. अशा घरच्या मुलीनं थोडं जलरंग, थोडं पियानो शिकावं आणि वेळेवर लग्न करावं. तिनं सतराव्या वाढदिवशी डायरीत लिहिलं की कला चिरंतन आहे, आयुष्य थोडं आहे, आणि आजवरची वर्षं खाण्यापिण्यात, रेंगाळण्यात वाया गेली. पुढच्याच वर्षी, 1873 मध्ये, ती स्लेड कला विद्यालयात दाखल झाली. ते विद्यालय 1871 मध्ये सुरू झालं होतं. तिथं शिकायला गेलेल्या पहिल्या काही मुलींपैकी ती एक. जन्मनाव मेरी एव्हलिन. त्यातलं 'मेरी' तिनं गाळलं, कारण 'एव्हलिन' हे नाव त्या काळी पुरुषांचंही असायचं. चित्राखालची सही पाहून कुणी आधीच तोंड वाकडं करू नये, एवढीच इच्छा.

आम्ही दालनात शिरलो आणि माझं कात्रण माझ्यासमोर भिंतीवर होतं. अंगठ्याएवढं नव्हे, माझ्या उंचीचं वाटावं एवढं. 'सोन्याचा पिंजरा'.

मी बराच वेळ काही बोलले नाही.

कात्रणात न दिसलेल्या गोष्टी आधी सांगते. बाईच्या अंगावरचं वस्त्र सोनेरी आहे, भरजरी. जमिनीवर दागिने पडलेत, आणि एक पुस्तक. ठेवलेले नाहीत, टाकून दिलेत. खोलीत म्हातारा नवरा बसलाय. तो क्रूर नाही. आपल्या बायकोकडे पाहून खचलेला माणूस आहे तो. खिडकीबाहेर नाचत-गात चाललेली माणसं, आणि वर आभाळात एक पक्षी मोकळा उडतोय. आत पिंजऱ्यातला पक्षी, बाहेर तो पक्षी, आणि मधे ही बाई, उंच हात केलेली.

मी शाळेत शिकवलं असतं तर म्हटलं असतं, पिंजरा म्हणजे बंधन, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, झालं. पण चित्रासमोर उभं राहिल्यावर कळतं की पिंजरा त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे. अख्खी खोलीच पिंजरा आहे, आणि बाईचं वस्त्र पिंजऱ्याच्याच रंगाचं आहे. सोनं तिच्या अंगाला चिकटलंय. दागिने काढून फेकता आले, वस्त्र कसं फेकणार? ते पडलेलं पुस्तकही मला सलत राहिलं. वाचून सुद्धा इथून सुटका नाही, असं काही ती सांगत असेल का? हे चित्र एव्हलिननं उतारवयात काढलंय. स्वतःचं लग्न सुखाचं होतं, नवऱ्याच्या तोट्यातल्या कारखान्यात ती आपल्या चित्रांचे पैसे घालत होती. तरीही तिला ही खोली ठाऊक होती. आईच्या घरात तिनं ती पाहिली असणार.

लेक बाजूच्या चित्रापाशी थांबली होती. "आई, इथं पण सोनं."

ते 'अर्थबाउंड', 1897 चं. म्हणजे मातीला बांधलेला. एक वृद्ध राजा सोन्याच्या नाण्यांवर ओणवा झालाय, कवटाळून बसलाय, आणि त्याच्यावर मृत्यूचा देवदूत आपला काळोखा पदर पसरत येतोय. राजाला पत्ताच नाही. मागं दूरवर एक आत्मा हलका होऊन निघून चाललाय. इथं सोनं म्हणजे लोभ. हे तर कीर्तनात ऐकलेलंच, त्यामुळे पटकन लागलं. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो विंचू नसतो हे आपल्याकडे शेताच्या बांधावर बसलेल्यालाही कळतं. रूपक आपल्या कानाला सवयीचं आहे.

पण पिंजऱ्यातलं सोनं आणि राजाचं सोनं एक नाही. पहिल्यात सोनं बाईला धरून बसलंय, दुसऱ्यात माणूस सोन्याला धरून बसलाय. माझ्या फळ्यावरचा उजवा रकाना तिथंच डळमळला.

'रात्र आणि निद्रा' हे तिचं तरुणपणातलं, 1878 चं चित्र. दोन आकृती डोळे मिटून आकाशातून तरंगत चालल्यात, आणि निद्रेच्या हातून खसखशीची लाल फुलं खाली पडतायत. एकेक फूल नीट वेगळं काढलंय. झोप येते ती अशी, फूलफूल करून. पोरीच्या लहानपणी तिला थोपटताना मी हे अनुभवलंय, एवढंच म्हणेन.

परतीच्या गाडीत लेक म्हणाली, "तू आजीच्या पाटल्यांचं सांगायचीस ना, ते आठवलं." मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसरा दिवस : विटिक

नावाचं स्पेलिंग पाहून मी 'वाइटविक' म्हणत होते. इथले लोक म्हणतात 'विटिक'. वुल्वरहॅम्प्टनच्या बाहेर, काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या भिंतींचं हे घर थिओडोर मँडर या रंग-वॉर्निशच्या कारखानदारानं 1887 मध्ये बांधलं. एव्हलिनच्या लग्नाचंच साल. 1937 मध्ये त्याच्या मुलानं ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं. आत विल्यम मॉरिस या प्रसिद्ध नक्षीकाराच्या नक्षीचे कागद, पडदे, आणि आवारातल्या जुन्या माल्टहाउसमध्ये डी मॉर्गन दांपत्याचं दालन. या दोघांचा संग्रह सांभाळणाऱ्या डी मॉर्गन फाउंडेशनची चित्रं अशा ठिकाणी आलटून पालटून टांगतात, त्यामुळे कुणी जाणार असेल तर आधी चौकशी करावी.

घर सुंदर आहे, पण मी ते भराभर पाहिलं. मला दालन गाठायचं होतं.

'प्रेमाचं औषध', 1903. सोनेरी वस्त्रातली एक बाई बसून पेल्यात काहीतरी तयार करतेय. पायाशी काळं मांजर. खिडकीबाहेर एक जोडपं मिठीत. पहिल्या नजरेला चेटकीण, दुसरं काय! आपल्याकडेही अशी बाई दिसली की लोक म्हणतील, करणी करतेय. पण फडताळावरची पुस्तकं वाचायला गेले तर एकावर पॅरासेल्ससचं नाव. किमयागार, वैद्य, सोळाव्या शतकातला विद्वान. तिच्या चेहऱ्यावर मत्सर नाही, कपट नाही. परीक्षेचा पेपर तपासताना जशी एकाग्रता असते तशी आहे.

किमयेत धातूचं सोनं होताना रंगांच्या पायऱ्या सांगतात : आधी काळा, मग पांढरा, पिवळा, लाल. अभ्यासकांनी या चित्रातले रंग त्या पायऱ्यांना जोडून वाचलेत. मग काळं मांजर अपशकुनी राहत नाही, ती पहिली पायरी होते. आणि बाईच्या अंगावरचं सोनेरी वस्त्र म्हणजे ती जिथं पोचली ती जागा. काल ज्या रंगानं बाईला कोंडलं होतं, आज त्याच रंगानं बाईला ज्ञानी केलं. दोन्ही चित्रं एकाच हातची.

हे पाहताना आपल्या दसऱ्याची आठवण झाली. आपट्याचं पान हातात देऊन 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणतो, तेव्हा ते पान खरोखर सोनं असतं ना? आणि दुसऱ्या दिवशी तेच पान केरात जातं. अर्थ वस्तूला कायमचा चिकटलेला नसतो, देणाऱ्या हातात असतो. एवढं मला ठाऊक होतं, तरी मुलांना मी 31 वर्षं दोन रकाने शिकवले. त्याचं मला वाईट वाटलं.

त्याच दालनात 'वाळूचं घड्याळ'. या चित्रासमोर आम्ही दोघी बाकावर बसलो. 1904-05 चं चित्र. सिंहासनासारख्या आसनावर एक प्रौढ स्त्री, अंगावर जड, श्रीमंत वस्त्र, हात वाळूच्या घड्याळावर. ही जेन मॉरिस. विल्यम मॉरिसची बायको, तरुणपणी चित्रकार रोझेटीनं जिची असंख्य चित्रं काढली ती. इथं ती साठी ओलांडलेली आहे. आयुष्यभर जिला लोकांनी सौंदर्याची मूर्ती म्हणून रंगवलं, तिला एका बाईनं तिच्या खऱ्या वयात बसवलं, आणि तिच्या हाताशी वेळ ठेवली.

जमिनीवर कोमेजलेला गुलाब. एक पुस्तक, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की मृत्यू हे जीवनाचं दार. आणि तिच्या मागं खरोखरच दार उघडं आहे. दारात एक तरुण आकृती पावा वाजवतेय. अमर जीवन. बाई तिकडे पाहत नाही, ती घड्याळाकडे लक्ष लावून बसलीय. पाव्याचा सूर तिला ऐकू येतोय की नाही, हे चित्रकर्तीनं सांगितलेलं नाही.

लेक हळूच म्हणाली, "तिला कुणीतरी सांगायला पाहिजे, मागं बघ म्हणून."

एव्हलिन आणि विल्यम रात्री एकत्र बसून स्वयंलेखन करायचे. हात मोकळा सोडायचा, लेखणी जे लिहील ते लिहू द्यायचं. त्यांची श्रद्धा होती की पलीकडून कुणी बोलतंय. विल्यमची आईही त्याच वाटेवरची होती. त्या लिखाणाचं पुस्तक त्यांनी 1909 मध्ये नाव न घालता छापलं. आत्म्यांचं मला काही सांगता येत नाही. पण तिच्या चित्रांतली दारं, खिडक्या, गज आणि दोर त्या श्रद्धेतून आलेत हे स्वच्छ दिसतं. 1885 च्या 'लूना'मध्ये चंद्रकोरीत बसलेली देवता दोरानं वेढलेली आहे. 1907 च्या 'बंदिवान'मध्ये दागिने ल्यालेली बाई गजांच्या खिडकीशी उभी आहे. तिच्यासाठी शरीर हीच कोठडी होती, आणि बाईचं जिणं त्या कोठडीतली आणखी एक कोठडी. 1889 मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या जाहीरनाम्यावर तिनं सही केली, तेही याच विचारातून आलं असं मी समजते.

निघताना कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसली. गडद करड्या कागदावर नुसत्या सोन्याच्या रंगानं काढलेलं रेखाचित्र. अशी तिनं बरीच काढलीत. काळोख कागदाचा, उजेड सोन्याचा. वाकून पाहिलं तर रेघ कुठं जाड, कुठं केसाएवढी, आणि उजेड पडतो तिथंच सोनं लावलंय, बाकी कागद तसाच सोडलाय. इथं सोनं कशाचंही प्रतीक नव्हतं. नुसता प्रकाश होता. दुकानातून मी एक सोनेरी पेन्सिल घेतली.

तिसरा दिवस : लिव्हरपूल आणि बर्कनहेड

वॉकर आर्ट गॅलरी लाइम स्ट्रीट स्टेशनच्या समोरच म्हणावी इतकी जवळ. तिथं 1893 चं 'थडग्यातून बाहेर येणारे जीवन आणि विचार' पाहिलं. खूप मोठी अपेक्षा घेऊन गेले होते, म्हणून असेल, पण ते मनाला भिडलं नाही. अर्थ आधी ठरला आणि आकृत्या नंतर आल्या, असं वाटतं. एव्हलिनचा हा दोष आहेच. काही चित्रांत उपदेश रंगापेक्षा मोठ्यानं बोलतो.

दुपारी मर्सी नदीखालून जाणाऱ्या रेल्वेनं बर्कनहेडला गेलो. स्टेशनपासून पायी, शांत वस्तीतून विल्यमसन आर्ट गॅलरी. 'मिडिया', 1889.

ग्रीक पुराणातली मिडिया म्हणजे नवऱ्यानं टाकल्यावर सवतीला विषारी वस्त्र पाठवणारी आणि स्वतःच्या मुलांना मारणारी. चित्रकार तिला रंगवताना सुरा, रक्त, पिंजारलेले केस रंगवतात. इथं ती संगमरवरी दालनातून एकटी चालत येतेय, हातात छोटी कुपी. जमिनीवर गुलाब विखुरलेत, मागं कबुतरं. कबूतर आणि गुलाब, दोन्ही प्रेमदेवतेची. ज्या प्रेमापायी तिनं बापाचं घर सोडलं, भावाचा जीव घेतला, ते सगळं आता तिच्या पायाखाली सांडलंय. कुपी अजून बंद आहे. अपराध घडायचाय.

चेहऱ्यावर राग नाही. रडून झाल्यावर जसा चेहरा होतो, तसा आहे. गावाकडे टाकलेल्या बायका मी पाहिल्यात. पोळ्याला माहेरी आलेल्या आणि मग कधीच परत न नेलेल्या. कोर्टाच्या पायरीवर, तलाठ्याच्या ओट्यावर त्यांचा हाच चेहरा असतो. त्यांच्याबद्दल लोक काय बोलतात तेही ऐकलंय. एव्हलिननं गुन्ह्याच्या आधीचा क्षण निवडला, म्हणून मला त्या सगळ्या बायका तिथं दिसल्या.

फळ्यावर मी कबूतर म्हणजे शांती लिहायचे. इथल्या कबुतरांत शांती कुठंच नव्हती.

चौथा दिवस : लंडन

सकाळच्या गाडीनं युस्टन. तिथून चेल्सी. ओल्ड चर्च स्ट्रीट, 127 नंबरचं घर. निळी पाटी : विल्यम डी मॉर्गन, कुंभकलावंत आणि कादंबरीकार, आणि त्याची पत्नी एव्हलिन, चित्रकार, इथं राहिले आणि इथंच वारले. तो 1917 मध्ये, ती 2 मे 1919 ला. पाटीवर ती दुसरी आणि 'पत्नी' म्हणून आहे. नवऱ्याचा कारखाना जिनं चालता ठेवला तिचं नाव आधी असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं. लेकीनं पाटीचा फोटो काढताना बरोबर तिच्या नावावर फोकस धरला.

1916 मध्ये, महायुद्ध चालू असताना, तिनं एडिथ ग्रोव्हमधल्या आपल्या स्टुडिओत 13 चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि मिळकत रेड क्रॉसला दिली. चेहरे, पंख, इंद्रधनुषी प्रकाश तेच, पण समुद्रातल्या खडकावर उभ्या बाईभोवती आता राक्षसी जलचर आहेत, आणि फ्लँडर्सच्या थडग्यांवरून देवदूत चाललेत. सोनं त्या चित्रांतून ओसरत जातं.

नदी ओलांडून बॅटर्सीला गेलो. ओल्ड बॅटर्सी हाउस आता खासगी घर आहे, बाहेरूनच पाहिलं. एव्हलिनची धाकटी बहीण विल्हेल्मिना इथं राहायची. एव्हलिन गेल्यावर, जेव्हा असली चित्रं कुणी विचारत नव्हतं, तेव्हा या बहिणीनं ती एकेक करून गोळा केली, भिंती भरल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. 1965 मध्ये, शंभरीला टेकून, ती गेली. तिच्या संग्रहावरच फाउंडेशन उभं आहे. 1991 मध्ये लंडनच्या एका गोदामाला आग लागली आणि त्यातली 16 चित्रं जळाली. कृष्णधवल छायाचित्रांत त्यांतली काही उरलीत. त्यांत सोनं कुठं होतं ते आता ओळखता येत नाही.

संध्याकाळी युस्टनला गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर लेक म्हणाली, "आता सांग. आजीच्या पाटल्या."

मी सांगितलं. मला आर्ट टीचर डिप्लोमाला जायचं होतं, वडील नको म्हणत होते. आईनं लग्नातल्या चार पाटल्यांतल्या दोन मोडल्या. सोनाराकडे ती एकटी गेली. घरी येऊन तिनं नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि भाकऱ्या थापायला बसली. दोन्ही हातांत एकेकच पाटली, त्यामुळे थापताना नेहमीचा किणकिणाट झाला नाही. तो न झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

"कशा होत्या दिसायला?"

पर्समध्ये विटिकच्या दुकानाची तपकिरी कागदी पिशवी होती. ती उलगडून मांडीवर पसरली, सोनेरी पेन्सिल काढली. मधे बारीक वेल होती, कडेला मण्यांची ओळ, आणि आतल्या बाजूला सोनाराचा छोटा शिक्का. वेलीला पानं तीन-तीनच्या जोडीनं होती की दोन-दोनच्या, ते आठवेना. मग हात आपोआप तीन-तीन काढत गेला, आणि तेच बरोबर होतं.